गोड बाजूनं घेणारे बिराजदार सर

बिराजदार सरांसमोर बोलता बोलता कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, की सर त्या माणसाकडे बघत नसत. ते रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे बघत. दिवा लागलेला असला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे आणि मगच ते हात पुढे करून समोरच्याच्या गुडघ्यावर थोपटत. एकदा गंजगोलाईच्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका हमालाची विधवा नवऱ्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगत होती. ज्वारीचं पोतं पाठीवर असतानाच तो माणूस खाली बसला, तो उठलाच नाही. एवढं सांगून बाई पदर तोंडाला लावून रडली. सरांनी सवयीनं दिव्याकडे बघितलं, तर दिवा बंद. मध्येच कधीतरी मशीन बंद पडलं होतं. सरांनी तिचं रडणं थांबेपर्यंत धीर धरला, तिला पाणी दिलं, मशीन चालू झाल्याची खात्री केली आणि म्हणाले, “आजी, छान सांगितलंत. आता परत एकदा सांगा. पोत्यापासून.”

आणि तिनं सांगितलं. मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं. शिकलेला माणूस सांगतोय म्हणजे ऐकायला हवं, अशा समजुतीनं ती पोत्यापासून सुरू झाली आणि परत त्याच जागी रडली. येताना रिक्षात सर म्हणाले, “दुसऱ्या वेळेला जास्त रंगलं, नाही का?”

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. सर जाऊन आता बरेच महिने झाले. मी प्रामाणिकपणे प्रयत्न करून पाहिला. त्यांचं अक्षर चांगलं होतं आणि ते वेळेवर येत. याच्यापुढे माझी गाडी जात नाही.

सर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले होते. लातुरातल्या एका छोट्या कम्युनिटी रेडिओवर त्यांचा कार्यक्रम असे, रोज संध्याकाळी अर्धा तास. शहरातल्या जुन्या माणसांना गाठायचं, हे शहर कसं होतं, कसं वाढत गेलं, कुठल्या माळावर कुठली वस्ती उभी राहिली, नळ कधी आला, पाणी कधी गेलं, शेजारपाजार कसा होता, ते त्यांच्याच तोंडून सांगायला लावायचं आणि ऐकवायचं. कल्पना फार चांगली होती, हे मला मान्य करावंच लागतं. अशी कल्पना अशा माणसाच्या हातात पडावी, याचाच राग येतो.

मी तिथं नोकरीला लागले तेव्हा नुकतीच पत्रकारितेचा अभ्यास संपवून आले होते. मी मूळची कंधारची. अब्बांचं तिथं टेलरिंगचं दुकान. कॉलेजसाठी नांदेडला माझी खाला, म्हणजे मावशी, राहायची तिच्याकडे होते, विष्णुपुरीच्या बाजूला, जिथं धरणाचं पाणी नजर पोचेल तिथपर्यंत दिसायचं. तिथून लातूरला आले, तर इथं आठ-दहा दिवसांनी एकदा नळाला पाणी, आणि त्या दिवशी कुणी लग्नाला जात नाही, कुणी आजारी पडत नाही. गच्चीगच्चीवर काळ्या टाक्या. क्लासेसची होस्टेलं एकावर एक मजले चढवत होती आणि त्यांच्या खाली बोअर हजार फुटांच्या पुढं चालले होते. अशा गावात माणसं एकमेकांजवळ कशी राहिली असतील, हे मला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

सर मला सगळीकडे घेऊन जात. माझी ओळख ठरलेली असे. “ही आमची सबा. पण मराठी ऐका हिचं, वाटणारच नाही.” काय वाटणार नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा सांगून पाहिलं की सर, माझी शाळा मराठीच होती, आमच्या गल्लीतली सगळीच पोरं त्या शाळेत जायची. सर कौतुकानं हसले आणि पुढच्या घरी परत तेच वाक्य म्हणाले.

त्यांचं लाडकं वाक्य मात्र वेगळं होतं. “जरा गोड बाजूनं घ्या.” कुणी सांगू लागला की आमच्या गल्लीत नळावर डोकी फुटायची, की सर हात वर करत. “आजोबा, जरा गोड बाजूनं घ्या.” मग तो बिचारा आठवून आठवून सांगे की तसं संक्रांतीला तिळगूळही वाटायचो. सरांना तिळगूळ हवा असे. डोकी त्यांना नको असत. आमचा कार्यक्रम जर कुणी सलग महिनाभर ऐकला असता, तर त्याला वाटलं असतं की लातुरात माणसं वर्षभर एकमेकांना तिळगूळच देत बसलेली असतात.

दुसरं म्हणजे भाषा. माणूस आपल्या बोलीत बोलू लागला की सरांच्या कपाळावर आठी पडे. जुन्या भागातले एक वयस्क मिस्त्री होते, शहरातल्या निम्म्या पाण्याच्या टाक्या त्यांनी बांधल्या होत्या. ते सांगत होते, “पानी यायलंय म्हून रातभर जागून राहिलो आमी, समदा इंतजाम करून ठिवला.” सरांनी मशीन थांबवलं. “‘आम्ही रात्रभर वाट पाहत असू, सगळी व्यवस्था करून ठेवत असू,’ असं म्हणा चाचा. लोकांना कळलं पाहिजे.” लोकांना न कळण्यासारखं त्यात काय होतं, ते सरांनाच ठाऊक. चाचांनी दोनदा ते वाक्य म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा जमलं. त्यानंतर ते एक शब्दही आपणहून बोलले नाहीत. विचारलं तेवढ्याला शाळेत उभं राहिल्यासारखं उत्तर देत राहिले. सर म्हणाले, “बघ, किती नेमकं बोलायला लागले.”

हे सगळं मी सहन करत होते, कारण मला काम शिकायचं होतं. सरांबद्दल तोवर मला फक्त कंटाळा होता. पुढं तिरस्कार वाटू लागला, तो तानूबाईंच्या प्रकरणापासून.

तानूबाई रिंगरोडच्या पलीकडच्या एका वस्तीत राहायच्या. बौद्धांची पंचवीस-तीस घरं, मधे छोटं विहार, त्याच्यापुढं लिंबाचं झाड. पूर्वी सगळा माळच होता. मग शहर सरकत सरकत तिथवर आलं आणि वस्तीच्या समोरच मोठी कॉलनी उभी राहिली. बंगले, गेट, झाडांना कुंपण. वस्तीतल्या बायका त्या कॉलनीत धुणीभांडी करत. तानूबाईही कैक वर्षं करत होत्या. सरांना त्यांचं नाव कुणीतरी सुचवलं होतं की ही बाई त्या भागाची पहिली रहिवासी आहे, बोलते पण छान.

आम्ही गेलो तेव्हा त्या विहाराच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी जयभीम केला. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, कुठली, कुणाची, विचारलं. सरांना खुर्ची दिली. मग त्या बोलू लागल्या आणि सुरुवातीला सरांना हवं तसंच बोलत गेल्या. माळावर पहिली झोपडी कशी घातली, साप कसे निघायचे, कॉलनीतलं पहिलं घर झालं तेव्हा त्या घरच्या बाईला रात्री भीती वाटायची म्हणून ह्या तिच्या अंगणात जाऊन कशा झोपायच्या. कॉलनीनं बोअर घेतला, त्याला पाणी लागलं, तेव्हा वस्तीतल्या बायकांनीही नारळ नेला होता. कॉलनीवाले चार-सहा वर्षं पाणी देतही होते. सर अगदी खुशीत होते.

मग तानूबाई दुष्काळाच्या सालावर आल्या. बोअरचं पाणी खाली गेलं तसं कॉलनीवाल्यांनी नळावर पत्र्याची पेटी बसवली आणि तिला कुलूप घातलं. वस्तीतल्या बायका सकाळी कॉलनीत भांडी घासायला जायच्या, त्या भांड्यांना पाणी असायचं. घरी न्यायला नसायचं. म्हणून बायका गावाबाहेरच्या ओढ्यात जायला लागल्या. ओढा कोरडाच, पण वाळूवाल्यांनी उपसून खोल खड्डे केलेले होते. त्या खड्ड्यांत उतरून आणखी उकरायचं, झरा काढायचा, वाटीवाटीनं घागर भरायची. सगळ्या मिळून उकरायच्या. ज्या घरात लहान लेकरू त्या घरची घागर आधी भरायची, असं त्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं.

त्यांची मुलगी कमल दहावीला होती. एका सकाळी ती आईबरोबर गेली, खड्ड्यात उतरली, आणि वाळूची बाजू खाली आली.

हे सांगताना तानूबाई रडल्या नाहीत. आवाजही बदलला नाही. फक्त हात मांडीवर ठेवून त्या बोटांकडे बघत होत्या.

“हातानं उकरलं आमी समद्या बायांनी. माजी नखं गेली. ती गावली तवा तिच्या मुठीत वाटी तशीच हुती.” मग म्हणाल्या, “कमल गेली तवा कालनीवाल्यांनी कुलूप काडलं. तिच्या दिवसांचं पुण्यानुमोदन होस्तोवर नळ उघडाच हुता. मंग परत लावलं.”

सरांनी दिव्याकडे बघितलं, तो लागलेला होता. त्यांनी तानूबाईंच्या गुडघ्यावर थोपटलं आणि उठले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, “झऱ्याचा भाग अप्रतिम आहे. ‘लहान लेकरू त्या घरची घागर आधी’, काय वाक्य आहे!”

मी विचारलं, आणि कुलपाचं?

सर म्हणाले, बघू.

दोन दिवसांनी आम्ही संकलनाला बसलो. सरांनी मला सांगितलं की घागर आधी भरायची, इथपर्यंत ठेव आणि तिथं बासरी घाल. बासरी हा सरांचा सगळ्या दुखण्यांवरचा इलाज होता. मी सांगितलं की मी हे कापणार नाही. कमलचं काढलं तर तानूबाईंनी काही सांगितलंच नाही, असं होईल. त्यांनी तेवढ्यासाठीच तर तोंड उघडलं होतं. सरांना माझं बोलणं आवडलं नाही, पण ते रागावत नसत. राग त्यांच्या प्रतिमेत बसत नव्हता. ते मला समजावू लागले. “सबा, लोक त्या वेळेला जेवायला बसलेले असतात. त्यांच्या ताटात आपण वाळू घालायची का?”

मी म्हटलं, “त्यांचं जेवण दहा मिनिटं थांबेल, सर. काही होत नाही.”

मला वाटलं होतं त्या कॉलनीत सरांचा कुणी नातेवाईक असेल, कुणी मित्र असेल, कुणाचा दबाव असेल. मी नंतर चौकशीही केली. कुणीही नव्हतं. कुणी त्यांना अडवलेलं नव्हतं. एखादा माणूस भीतीनं किंवा स्वार्थानं सत्य दाबतो, ते मला समजू शकतं. सरांना ते फक्त रुचकर वाटलं नाही. एक मुलगी मेली, ती त्यांना आळणी लागली. त्या माणसाविषयी माझ्या मनात जे काही आहे, ते या एका गोष्टीमुळे आहे.

शेवटी सर म्हणाले, “बरं, तुझा एवढा आग्रह आहे, तर ठेवू या.” मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. कार्यक्रम लागायचा त्या संध्याकाळी मी मुद्दाम वस्तीत गेले, सगळ्यांबरोबर ऐकायला. विहारासमोर सतरंजी घातली होती. कुणीतरी मोबाईलला स्पीकर जोडला होता. तानूबाईंनी स्वच्छ पांढरं लुगडं नेसलं होतं. शेजारच्या वस्तीतली माणसंही आली होती. आपल्यातल्या बाईचा आवाज रेडिओवर येतोय, याचं सगळ्यांना अप्रूप होतं.

माळ आला, साप आले, नारळ आला. झरा आला. घागर आधी भरायची ते वाक्य आलं. आणि बासरी सुरू झाली.

मी ओळखलं. तानूबाईंनी नाही ओळखलं. त्यांना वाटलं मध्ये थोडी बासरी आहे, ती संपली की पुढचं येईल. त्या मान थोडी वाकडी करून थांबल्या. बासरीतून सरांचा आवाज आला, अशी ही लातूरची माणुसकी, तहानेनं जवळ आणलेली माणसं, वगैरे. मग जाहिरात लागली.

तानूबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “फुडं?”

मी सांगितलं की पुढचं काढून टाकलंय, मला ठेवतो म्हणाले होते. त्यांनी मान हलवली. सतरंजीवरच्या बायका एक एक करून उठल्या. तानूबाईंनीच मला चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या केंद्रावर आल्या. बरोबर त्यांचा मुलगा होता, तो दारातच थांबला. सर खुर्चीतून अर्धे उठले, या या आजी, सगळीकडून फोन येतायत तुमच्यासाठी, असं म्हणाले. तानूबाई बसल्या नाहीत.

“सर, तुमी माज्या लेकीला वाळूत तशीच ठिवली,” त्या म्हणाल्या. “आमी तिला हातानं काडली हुती. तुमी परत घातली.”

सर म्हणाले, आजी, कार्यक्रम अर्ध्या तासाचाच असतो, सगळं कसं बसणार. आणि तुमचंच दुःख चव्हाट्यावर येऊ नये, असं वाटलं मला.

“मीच आणलं हुतं की चव्हाट्यावर. तुमी कोन झाकणार?”

सर हसत राहिले. तानूबाई म्हणाल्या की मग माझा आवाज मला परत द्या. माझं बोलणं तुमच्याकडे ठेवायचं नाही. यावर सरांनी कॉलेजातल्या आवाजात त्यांना समजावलं की एकदा ध्वनिमुद्रण झालं की ते एका व्यक्तीचं राहत नाही, ते समाजाचं होतं.

“कंच्या समाजाचं?” तानूबाईंनी विचारलं. त्या आल्या तशा निघून गेल्या.

सरांनी चहा मागवला. “भावनिक आहेत बिचाऱ्या,” म्हणाले.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत जे घडलं, ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. बायका कामाला घरोघरी जातात, टँकरच्या रांगेत उभ्या राहतात, ऑटोत बसतात. कमलचं रेडिओवाल्यांनी काय केलं, ते शहरभर पसरलं. आम्ही कुठंही गेलो की माणसं सरांना खुर्ची देत, पाणी देत आणि बोलत नसत. नाव विचारलं तर नाव सांगत. आठवणी? काही आठवत न्हाई सर, वय झालं. ज्या मिस्त्री चाचांचं मराठी सरांनी शुद्ध केलं होतं, त्यांच्याकडे सर कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागासाठी गेले, तेव्हा चाचा दारात येऊन अदबीनं म्हणाले, “आता आमची व्यवस्था नाही, सर.” व्यवस्था हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की मी तोंड फिरवून घेतलं.

एखादा बरा माणूस असता तर इथं थांबला असता. तानूबाईंच्या दारात गेला असता. सरांनी दुसराच मार्ग काढला. ते आपले नातेवाईक बोलवू लागले. त्यांचे साडू निलंग्याहून आले आणि गंजगोलाईतले जुने हमाल म्हणून बोलून गेले. ज्या माणसानं आयुष्यभर बँकेत बसून काम केलं, तो पाठीवरच्या ओझ्याचं वर्णन करत होता. मग एक मेहुणे आले, ते टांगेवाले झाले. एका भाच्यानं म्हाताऱ्याचा आवाज काढला. भाषा सगळ्यांची अतिशय शुद्ध होती. सर म्हणत, हे प्रातिनिधिक आहे. गंजगोलाईतल्या एका कापड दुकानदारानं साडूंचा आवाज ओळखला आणि फोन करून विचारलं की बँकेतून निवृत्त झाल्यावर पाहुणे हमाली करायला लागले का. त्या साडूंनी त्यानंतर लातूरला येणंच सोडलं. सरांना तरीही काही झालं नाही. त्याच सुमारास त्यांचा एका मंडळानं ‘शहराचा आवाज’ म्हणून सत्कार केला, शाल दिली, आणि सरांनी भाषणात तानूबाईंचं घागरीचं वाक्य वापरलं. त्यांचं नाव न घेता.

आपल्या कार्यक्रमाच्या शेवटी सर रोज एक वाक्य म्हणत. लातूरकर तहानलेला राहील, पण गाव सोडणार नाही. ऐकणाऱ्यांना ते आवडे. तर ज्या उन्हाळ्यात सरांच्या स्वतःच्या घरचा बोअर आटला, त्याच उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं आणि पुण्याला मुलाकडे जायचं ठरवलं. एका बोअरला पुरला तेवढाच त्यांचा लातूरकरपणा.

निघायच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ट्रक दारात उभा होता. सर हमालांना सूचना देत होते, खऱ्या हमालांना. मला म्हणाले, कार्यक्रमाच्या सुरुवातीला माझा आवाज आहे तो बदलू नकोस, लोकांना सवय आहे. मी म्हणाले, बघते. आत स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, रिकाम्या ओट्याजवळ उभ्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्या घरी कितीतरी वेळा गेले होते, पण काकू चहा ठेवून आत जात. त्या मूळच्या देगलूरच्या, याच्यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. काहीतरी बोलणार होत्या. बाहेरून सरांनी हाक मारली आणि त्या गेल्या.

सर पुण्याला गेल्यावर कार्यक्रम माझ्याकडे आला. तानूबाईंचं मूळ ध्वनिमुद्रण माझ्याजवळ होतं. ते घेऊन मी वस्तीत गेले. हे तुमचं आहे, ठेवायचं की पुसायचं ते तुम्ही सांगा, असं म्हटलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं. दोन दिवस विचार करून निरोप पाठवला की लाव, पण मधे बासरी नको. तसं ते लावलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, लोक जेवायला बसतात त्याच वेळेला. केंद्रावर फोन आले. काही चिडलेल्यांचे होते. एक त्या कॉलनीतल्या बाईचा होता. कुलपाची किल्ली आमच्या घरी असायची, एवढंच ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात मिस्त्री चाचांनी मला बोलावून घेतलं आणि इंतजामासकट सगळं सांगितलं.

सर पुण्याला वारले ती बातमी पावसाळा संपता संपता आली. रेडिओ ज्या संस्थेचा आहे, तिच्या अध्यक्षांनी श्रद्धांजलीचा कार्यक्रम करायला सांगितलं. शहरातल्या लोकांच्या सरांविषयीच्या आठवणी घे, म्हणाले. मी फिरले. माणसं मेलेल्याबद्दल वाईट बोलत नाहीत. सगळ्यांनी सांगितलं, चांगले होते, अंगावर शाल घ्यायचे. तानूबाईंकडे मी गेलेच नाही. त्यांना हे विचारणं मला शोभलं नसतं.

मग कळलं की सुमनकाकू लातूरला परत आल्यात. मुलगा नको म्हणत असताना त्यांनी जुन्या गावभागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मी गेले तेव्हा त्या खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. पुण्यातलं घर का सोडलं, मी विचारलं.

“पाणी बक्कळ हाय गं तिथं,” काकू म्हणाल्या. “बोलायला कुणी न्हाई.”

मी येण्याचं कारण सांगितलं. सरांबद्दल काही सांगा काकू, तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

“त्यांचं त्यांनीच लई सांगून ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “माझं सांगते. चालंल का?”

लग्न होऊन देगलूरहून लातूरला आल्या तेव्हा त्यांच्या माहेरी निम्मं तेलुगू, निम्मं मराठी बोलत. नवीन सून म्हणून पाहुण्यांना पाणी आणायला गेल्या आणि गडबडीत तोंडातून शब्द गेला, नीळ्ळु आणते. पाहुणे हसले. वाईट हसले नव्हते, त्यातल्या एकीनं तर जवळ बोलावून तो शब्द परत म्हणायला लावला होता. पण सरांना फार लागलं. पाहुणे गेल्यावर त्यांनी काकूंना समोर उभं करून पाणी हा शब्द म्हणायला लावला, कितीतरी वेळा, ण नीट येईपर्यंत. आणि सांगितलं की तुझं बोलणं सुधारेपर्यंत चारचौघांत बोलू नकोस.

“मंग सुधारलं का न्हाई, ते त्यांनी कधी सांगितलंच न्हाई,” काकू म्हणाल्या. “मी आपली वाट बघत राहिले.”

त्यानंतर त्या संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. पहिल्या घरी आड होता, त्या आडावर चार जातींच्या बायका चार वेळांना यायच्या, आणि मधल्या वेळेत कुणी नसताना दोघी-तिघी एकमेकींचे दोर कसे ओढू लागायच्या. शेजारच्या तांबोळिणीनं त्यांना बाळंतपणात लपवून कसा शिरा आणून दिला. नळावरच्या भांडणात त्यांनी एकीला तेलुगूतून दिलेली शिवी, जी कुणालाच कळली नाही आणि त्यामुळे भांडण मिटलं. हे शहर काय होतं, ते मला त्या दुपारी जेवढं कळलं, तेवढं सरांबरोबर हिंडलेल्या सगळ्या वर्षांत कळलं नव्हतं. आणि हे सगळं सरांच्या घरात होतं. चहा ठेवून आत जात होतं.

निघताना मी विचारलं, यातलं काय लावू?

“समदं लाव,” त्या म्हणाल्या.

मी सगळं लावलं. अध्यक्षांचा फोन आला की ही कसली श्रद्धांजली. मी म्हटलं, त्यांच्या पत्नीच्या आठवणी आहेत, याहून जवळचं माणूस मी कुठून आणू. सरांसाठी राखून ठेवलेल्या त्या अर्ध्या तासात सरांचं नाव एकदाच आलं. काकूंनी ते घेतलं नाही; त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कार्यक्रम कुणाच्या स्मरणार्थ आहे, ते शेवटी सांगावं लागतं, म्हणून मी घेतलं.